सोळा जॉब, एक टेबल

"रिस्टोअर हळू चाललंय? जॉब वाढव!" हा सल्ला देणाऱ्यांना माझा साष्टांग दंडवत. पोस्टग्रेसमध्ये समांतर रिस्टोअर २००९ पासून, म्हणजे ८.४ पासून आहे, मान्य. पण एका टेबलचा डेटा एकच वर्कर भरतो राव! आणि आमचा अर्धा डेटाबेस म्हणजे एकच लॉगचं टेबल. रविवारी बिबवेवाडीतून, घरूनच, चाराचे आठ केले, आठाचे सोळा. पंधरा वर्कर मोकळे, एकटा बिचारा ओढतोय. त्यात इंडेक्स बांधायची मेमरी प्रत्येक वर्करला वेगळी (हे माझंच चुकलं, भरमसाट दिली होती), मशीन स्वॅपमध्ये! त्या टेबलचे पार्टिशन करा, प्रत्येक पार्टिशन वेगळ्या वर्करकडे जाईल, हे दोनदा सांगून झालंय. उत्तर ठरलेलं: "मोठं मशीन घेऊ." घ्या!