अम्मी, तुम्ही बसा!

सदर : तब्येतपाणी

मागच्या वर्षी रमजानच्या पाच महिने आधी गावाहून भाभीचा फोन आला. "आपा, अम्मींसाठी नमाजची खुर्ची घ्यायची आहे. रत्नागिरीत चांगली मिळेल का?"

मी विचारले, "का गं? गुडघे दुखतात का त्यांचे?"

"दुखत नाहीत फारसे. पण सजद्यातून उठताना अडकतात. काल मगरिबला मी हात धरून उठवलं."

शनिवारी खुर्ची घेऊन मी गावी गेले. अम्मीचे वय ७१. मी तिला नीट तपासले. गुडघ्यांची वयाप्रमाणे थोडी झीज, रक्तदाब गोळीने ताब्यात, साखर नाही. उठताच येऊ नये असे काही सापडेना. मग तिच्या मांडीला हात लावला आणि कारण कळले. विहिरीवरून कळशी घेऊन चढण चढणारी ही बाई, तिच्या मांड्या बारीक आणि सैल झाल्या होत्या. पायातली ताकदच गेली होती.

ती कशी गेली, याचा हिशेब मी त्या रात्री मांडला आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

चार वर्षांपूर्वी अब्बांचा इंतकाल झाला. भाई कुवेतला. अम्मीला काही कमी पडू नये म्हणून त्याने घरात नळ घेतला, विहिरीवर मोटार बसवली, वॉशिंग मशीन आणले. मागच्या दारी मासे साफ करायला अम्मी विळीवर बसायची. तिथे भाभीसाठी उंच ओटा झाला. अम्मीच्या खोलीत उंच पलंग आला, समोर टीव्ही आला. मी दर फोनला सांगायचे, "अम्मी, आयुष्यभर खूप राबलीस, आता बस." भाभी तर गुणाची. अम्मी उठायला लागली की ती आधी धावायची, "अम्मी, तुम्ही बसा, मी करते." चहा पलंगावर, जेवण पलंगावर, औषध पलंगावर.

कोणाच्याही मनात वाईट नव्हते. सगळे मायेपोटी चालले होते. दवाखान्यात दिवसभर इतरांच्या आईवडिलांना "चालत राहा" सांगणारी मी, माझ्याच आईला फोनवरून बसवत होते.

वाचकहो, तुमच्याही घरात हे चालले असेल, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

स्नायूंचा स्वभाव सरळ आहे. काम मिळाले तर ते राहतात, काम काढून घेतले तर शरीर त्यांना पोसत नाही. वयाच्या तिशी-चाळिशीनंतर ते हळूहळू कमी होऊ लागतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ही वयाची घट कोणाला चुकत नाही. पण आपण सगळा दोष वयाला देतो, तिथे चूक होते.

अमेरिकेत डॅलस येथे १९६६ साली वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यावर पडून राहायला सांगितले होते. आधी आणि नंतर त्यांची दमसास मोजली. तीस वर्षांनी तेच पाचही जण पन्नाशीत आले तेव्हा त्यांना पुन्हा तपासले. एकाचीही दमसास त्या तीन आठवड्यांनंतर होती त्यापेक्षा खाली गेलेली नव्हती. तीस वर्षांच्या वयाने जे केले नाही ते तीन आठवड्यांच्या बिछान्याने केले होते. आणि पन्नाशीतल्या त्या माणसांनी सहा महिने नियमित चालण्या-धावण्याचा सराव केला, तेव्हा बरीचशी घट भरून निघाली.

"पण आमची अम्मी सत्तरीची आहे," असे तुम्ही म्हणाल. १९९० साली बोस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वृद्धाश्रमात राहणारी ही अशक्त माणसे. आठ आठवडे देखरेखीखाली त्यांच्याकडून पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक वाढली. स्नायू नव्वदीतही ऐकतात. त्यांना कोणी सांगत नाही, एवढेच.

किती हालचाल हवी? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेला सल्ला असा : आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम, आणि ६५ वर्षांवरच्यांसाठी किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. हे एकदम जमले नाही तर थोडे करा. थोडेही न करण्यापेक्षा चांगलेच. मध्यम श्रम कसे ओळखायचे? चालताना सोबतच्याशी बोलता येते, पण नात म्हणायला घेतली तर दम लागतो, एवढा वेग असावा.

अम्मीला मी जे करायला दिले ते येथे लिहिते. साहित्य काही लागत नाही.

पहिले, खुर्चीवरून उठबस. भक्कम, चाके नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले, गुडघ्यांच्या किंचित मागे. पुढे झुकून उभे राहा, मग तीन मोजत सावकाश बसा. धप्पकन बसू नका. सावकाश बसण्यातच मांडीला काम मिळते. सुरुवातीला हातांचा आधार घ्या. पाच वेळा सकाळी, पाच वेळा संध्याकाळी. जमू लागले की दहापर्यंत वाढवा आणि हात छातीशी घ्या.

दुसरे, स्वयंपाकाचा ओटा धरून टाचा उचलणे. दहा वेळा.

तिसरे, ओटा धरून एका पायावर दहा सेकंद, मग दुसऱ्या पायावर. जवळ कोणीतरी असू द्या. रात्री वजूला किंवा लघवीला उठताना जे तोल जाऊन पडणे होते आणि खुब्याचे हाड मोडते, ते टाळण्यासाठी हा सराव आहे.

चौथे, चालणे. पहिल्या आठवड्यात अंगणात पाच मिनिटे, दोन वेळा. मग दर आठवड्याला दोन-तीन मिनिटांची भर.

पाचवे, जमिनीवरून उठणे. हे मी तिला दोन महिन्यांनी दिले. पलंगाच्या कडेला जाड गोधडीवर बसायचे. उठताना एक गुडघा टेकलेला, दुसरे पाऊल पुढे, हात पलंगावर, आणि पुढच्या पायावर जोर देऊन वर. आधी दिवसातून एकदाच.

आणि या सगळ्याबरोबर, लागोपाठ फार वेळ बसायचे नाही. मालिकेच्या मध्ये जाहिराती लागल्या की उठून पडवीपर्यंत एक फेरी मारायची.

आता अडचणींकडे येऊ. आमच्या भगिनी म्हणतात, "चालायला जायचे कुठे? रस्त्यावर सगळे बघतात." हे खोटे नाही. शहरातल्या बागेत बायका फिरतात. मोहल्ल्यात साठीची बाई एकटी फेऱ्या मारायला निघाली की चार जण विचारतात. मग गच्चीवर चाला, अंगणात चाला, इमारतीच्या पॅसेजमध्ये चाला. शेजारणीला सोबत घ्या. दोघी-तिघी असल्या की कोणी विचारत नाही आणि गप्पांत वेळ जातो. बुरख्याचा घोळ पायात येणार नाही एवढा वर असू द्या. सपाता घालून चालू नका. मागे पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल किंवा बूट हवेत.

पुरुषांची गोष्ट वेगळी. आखातात पंचवीस-तीस वर्षे काढून आलेले कितीतरी भाऊ माझ्याकडे येतात. तिथे गाडी चालवली किंवा काउंटरवर बसून काढले. इथे आल्यावर घर, टीव्ही आणि चहाची टपरी. मस्जिद चारशे मीटरवर, तरी स्कूटर काढतात. जरा पाय उचलून चालले तर जाऊन-येऊन आठशे मीटरला दहा-अकरा मिनिटे लागतात. दिवसातल्या दोन नमाजांना चालत गेलात तरी आठवड्याचे १५० मिनिटांचे गणित जवळजवळ सुटते. स्कूटर इशाला पाऊस असेल तेव्हासाठी ठेवा.

नमाजविषयीही दोन शब्द. नमाज इबादत आहे, व्यायाम म्हणून ती कोणी पढत नाही. पण पाच वेळच्या फर्ज नमाजांच्या १७ रकअती आणि ३४ सजदे म्हणजे एवढ्या वेळा शरीर खाली जाते आणि वर येते. ज्याने हे उभे राहून, जमिनीवर, आयुष्यभर केले त्याच्या पायांना त्याचा उपयोग झालाच आहे. म्हणूनच खुर्चीवर जाण्याआधी थोडे थांबून विचार करा. ज्याला उजुर आहे त्याला बसून पढण्याची सवलत दीनने दिली आहे, त्यात कमीपणा काहीच नाही. ज्याचा गुडघा खरोखर निकामी झाला आहे, शस्त्रक्रिया झाली आहे, चक्कर येते, त्याने खुर्ची घ्यावीच. मसल्याचे काही विचारायचे असेल तर आलिमांना विचारा. मी डॉक्टर म्हणून एवढेच सांगते की पायात ताकद नाही म्हणून खुर्ची आली असेल, तर ती ताकद परत येते का हे आधी तपासून घ्या. कारण खुर्ची आली की ती उठबसही थांबते, आणि राहिलेली ताकद आणखी लवकर जाते.

खाण्याचेही बघा. स्नायूंना प्रथिने लागतात. आमच्या घरांत म्हाताऱ्या बाया बांगड्याचा मधला तुकडा नातवाला देतात आणि स्वतः डोके घेतात. अंडे, मासे, डाळ, दही यांपैकी काहीतरी दोन्ही जेवणांत त्यांच्या ताटात पडायला हवे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

काही माणसांनी आधी डॉक्टरांना भेटल्याशिवाय सुरुवात करू नये : ज्यांच्या छातीत चालताना दुखते, थोड्या चालण्याने धाप लागते, वारंवार चक्कर येते, ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला आहे, किंवा जे गेल्या वर्षभरात पडले आहेत. मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात चार खडीसाखरेचे तुकडे किंवा ग्लुकोज ठेवावे आणि रोज रात्री पाय तपासावेत. व्यायामाने स्नायू थोडे ठणकले तर घाबरू नका. सांधा सुजला किंवा तीव्र दुखले तर थांबा आणि दाखवा.

आता अम्मीची हकीकत पुरी करते. पहिले पंधरा दिवस ती माझ्यावर चिडली. "म्हातारपणी शाळेत घातलंस," म्हणाली. तिसऱ्या आठवड्यात हात न लावता खुर्चीवरून उठली, तेव्हा भाभीने व्हिडिओ काढून भाईला कुवेतला पाठवला. मग तिलाच चव लागली. सगळे मात्र परत आले नाही. रमजानमध्ये तरावीह तिने खुर्चीवरच पढली; गुडघ्याची झीज आहेच. पण फज्रच्या दोन रकअती आता ती जमिनीवर पढते, पलंगाची कड जवळ ठेवून. आणि पडली तर आपण उठू शकतो, हे तिला माहीत झाले आहे. एकटी राहणाऱ्या माणसाला या एका गोष्टीची किती धास्ती असते, हे ज्याच्या घरात कोणी पडले आहे त्यालाच कळते.

घरातला बदल याहून अवघड होता. भाभीला मी सांगितले, "अम्मी उठल्या की तू धावू नकोस." तिला ते बेअदबी वाटायचे. पाहुणे आले आणि सासू चहाचा ट्रे घेऊन आली तर लोक काय म्हणतील? म्हणाले देखील. एका चाचीने भाभीला ऐकवले, "सुनेच्या राज्यात सासूला काम?" अम्मीनेच उत्तर दिले, "मला डॉक्टरीणबाईंनी लावलंय."

आता कोंबड्यांना दाणे टाकणे, कपडे दोरीवर घालणे आणि शुक्रवारचे मासे, ही तीन कामे अम्मीची. मासे मात्र ती ओट्यावर करत नाही. मागच्या दारी पाटावर बसून विळीवरच करते, आणि भाभी अर्ध्या हाताच्या अंतरावर उभी असते, हात पुढे न करता.

तुमच्या घरी अम्मी, अब्बा, दादी, नाना असतील तर या आठवड्यात एक करून बघा. त्यांना विचारा, आमच्यामुळे तुमचे कोणते काम सुटले? त्यातले झेपेल असे एक त्यांना परत द्या. आणि ते उठायला लागले की दहापर्यंत मोजा. बहुतेक वेळा आठाच्या आत ते उभे असतात.