अन्यायाचा हिशेब बाईच्या पोटावर नको

बीड जिल्ह्याचे खासदार आणि सर्व आमदार यांस,



आपल्या जिल्ह्यात सभा कोणत्याही पक्षाची असो, समाजावर झालेल्या अन्यायाचा उल्लेख आल्याशिवाय टाळी पडत नाही. अन्याय झालाच आहे, त्यामुळे त्याबद्दल बोलू नका असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण त्याच अन्यायाचे नाव घेऊन बाईने किती मुले जन्माला घालावीत आणि कुठे थांबावे हे पुढारी ठरवू लागले, तर मतदारांनी बोलायला हवे. म्हणून हे पत्र.

अमेरिकेत हे कसे घडले ते पाहा. वंश, लिंग किंवा अपंगत्व या कारणावरून गर्भपात करायला बंदी घालणारा इंडियाना राज्याचा कायदा मे २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस स्वतः कृष्णवर्णीय. त्यांनी स्वतंत्र मत लिहून, नकोशा ठरवलेल्या वंशांची संतती रोखू पाहणाऱ्या 'सुप्रजननशास्त्रा'चा काळा इतिहास उगाळला आणि आशियात जन्माआधीच नाहीशा झालेल्या मुलींचा दाखलाही दिला. म्हणजे आपल्याकडच्या न जन्मलेल्या लेकी तिकडे साक्षीला उभ्या केल्या गेल्या. पुढे जून २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. ज्यांच्या आज्या-पणज्यांवर जुलूम झाला, त्यांच्याच नातींच्या हातून निर्णय गेला.

आता घरचे. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, दहा वर्षांआधी ८९४. मे २०१२ मध्ये परळीत डॉ. सुदाम मुंडे याच्या रुग्णालयात गर्भपात करताना एक बाई दगावली. तिला आधीच्या चार मुली होत्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने डॉक्टर पती-पत्नीला दहा वर्षांची सक्तमजुरी सुनावली. त्यानंतर जामिनावर सुटलेला हा गृहस्थ २०२० मध्ये पुन्हा बेकायदा दवाखाना चालवताना सापडला. असे प्रकरण निघाले की आपल्याकडे आधी आडनाव विचारले जाते. डॉक्टर कोणाचा, तक्रारदार कोणाचा, अधिकारी कोणाचा, यावर पारावर तासभर चर्चा होते. चार मुलींच्या आईवर पाचव्यांदा दिवस राहण्याची वेळ कोणी आणली, हे विचारायला कोणाला सवड नसते.

अन्यायाचा इतिहास बघायचाच असेल तर उसाच्या फडात या. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधीच मुकादमाकडून उचल घेतलेली. अंधार असताना तोड सुरू होते, बाई पाचट सोलते, मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि फळीवरून चढून गाडीत टाकते. खाडा पडला की दंड उचलीच्या हिशेबात चढतो. पाळी असो, दिवस गेलेले असोत, मोळी चुकत नाही. कोपीत ना पाणी, ना संडास, जवळपास डॉक्टर नाही. अंगावर काढलेले दुखणे घेऊन ती गावी परतली की कोणीतरी सांगते, पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. २०१९ मध्ये सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तपासणीत आलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. वंजारी, बंजारा, दलित, मराठा, सगळ्या आडनावांच्या बाया त्यात आहेत. त्यांच्यासाठी कोणत्या समाजाचा मोर्चा निघाला?

वरून आदेश मात्र बदलत राहतात. १९७६ मध्ये, आणीबाणीत, सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळानेच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अडले. तेव्हा देशासाठी कमी मुले हवी होती. १ डिसेंबर २०२४ ला नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी समाज टिकवण्यासाठी तीन मुलांचा सल्ला दिला. आकडा उलटा झाला, सांगणारे पुरुषच राहिले.

इतिहासाचा दाखला द्यायचाच तर तो पुरता द्या. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा आलेल्या विधवेला पाप-पुण्य सांगितले नाही, बाळंतपणाची जागा दिली. १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबई विधानसभेत बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. पुरुषाला बाळंतपणाच्या कळा सोसाव्या लागल्या असत्या तर एकापुढे दुसरे मूल त्याने होऊ दिले नसते, हा त्यातला बाबासाहेबांचा युक्तिवाद. ठराव ५२ विरुद्ध ११ मतांनी पडला. अन्याय सोसलेल्या समाजाचा सर्वांत मोठा नेता तिथे समाजाचे संख्याबळ मोजत बसला नव्हता, बाईच्या कळा मोजत होता.

आमच्या मागण्या साध्या आहेत. १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा कडक राबवा, पण त्याच्या धाकाने १९७१ चा गर्भपाताचा कायदा गुंडाळू नका. त्या कायद्याने सज्ञान स्त्रीला स्वतःची संमती पुरते, तरी नवऱ्याची सही मागितली जाते. ती बंद करायला लावा. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात कायदेशीर, सुरक्षित गर्भपात आणि गर्भनिरोधनाची सोय आहे की नाही, हे स्वतः जाऊन पाहा. सरकारी दार बंद दिसले की बाई मुंडेसारख्यांच्याच दारात जाते. फडावर फिरता दवाखाना न्या, खाड्याचा दंड बंद करा. आणि बेकायदा गर्भपाताच्या आरोपीसाठी जातीचा फोन पोलीस ठाण्यात जाणार नाही, एवढे जाहीर सांगा.

समाजाच्या जखमेवर बोलण्याचा हक्क आपणांस मतांनी मिळाला आहे. बाईच्या पोटाबद्दल ठरवण्याचा हक्क कोणत्याही मतपेटीतून मिळत नाही. येत्या हंगामात टोळ्या गाव सोडण्याआधी वरच्यापैकी काय केले ते सांगा. पुढच्या सभेत आम्ही तेच विचारू.

आपला,
बीड जिल्ह्यातला एक मतदार