डिपॉझिट जाईल, तरी उमेदवार हवा

लोकसभेला एखाद्या छोट्या कम्युनिस्ट पक्षाने उमेदवार दिला की त्याचे डिपॉझिट वाचेल का, एवढीच चर्चा होते. सर्वसाधारण उमेदवाराने 25,000 रुपये भरायचे आणि वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते पडली नाहीत तर ते जप्त व्हायचे. हा नियम उमेदवाराची कुवत मोजतो, त्याने मांडलेल्या मागणीचे वजन नाही. सिंधुदुर्गाने हा फरक ओळखायला हवा. इथल्या जुन्या राजापूर मतदारसंघाने बॅ. नाथ पै यांना आणि पुढे 1971 ते 1989 सलग पाच वेळा मधु दंडवते यांना निवडले. दोघेही समाजवादी. इथल्याच गावांतले चाकरमानी मात्र मुंबईत लाल बावट्याखाली संपात उतरत, आणि 1957 मध्ये कम्युनिस्ट नेते कॉ. डांगे तिथूनच लोकसभेवर गेले. मग बावटा इथे का रुजला नाही? गावी मनिऑर्डर आली, युनियन आली नाही, हेच माझ्या मते खरे कारण.

संघटना असली की काय घडते ते नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीत दिसले. मार्च 2018 मध्ये माकपशी जोडलेल्या किसान सभेचा मोर्चा नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेला आणि वनजमिनींबाबत लेखी आश्वासन घेऊन परतला. पुढच्याच वर्षी माकपचे जे. पी. गावित लोकसभेला हरले, पण त्यांना 1 लाख 9 हजारांहून अधिक मते पडली. यावरचा आक्षेप ठरलेला आहे: अशाने मते फुटतात. पण तिथे भाजपचे मताधिक्य जवळपास 2 लाखांचे होते. गावितांची सगळी मते दुसऱ्या क्रमांकाला गेली असती तरी निकाल बदलला नसता. 2024 मध्ये माकपने तिथे भाजपविरोधी आघाडीसाठी माघारही घेतली. कुठे थांबायचे हे त्या पक्षाला कळते.

मच्छीमारांसाठी मालवणात आंदोलन करा, निवडणूक कशाला, असेही कोणी म्हणेल. पण पारंपरिक मच्छीमारांचा मोठा तंटा पर्ससीन आणि एलईडीच्या नौकांशी आहे, आणि बारा सागरी मैलांपलीकडची मासेमारी केंद्राच्या अखत्यारीत येते. केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी घातली, तरी किनाऱ्यावरच्या तक्रारी थांबल्या नाहीत. हा प्रश्न दिल्लीत न्यायचा तर तो लोकसभेच्या प्रचारात आलाच पाहिजे. मतदान केंद्रागणिक कोणाला किती मते पडली, हे जिंकलेला उमेदवारही बारकाईने पाहतो. मात्र प्रचारापुरता उगवणारा उमेदवार या किनाऱ्याला नको. लाल बावट्याच्या कार्यकर्त्यांनी डिपॉझिट भरण्याच्या चार वर्षे आधी तळाशील, आचरा, देवबागच्या किनाऱ्यावर, जाळे ओढणाऱ्यांच्या रापणीवर यावे.