तिसरा आला, तुटवडा तोच

२०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांच्या बाजारात इंटेल उतरली, याचे आम्ही स्वागत करतो. मात्र तेवढ्याने तेव्हाचा कार्डांचा तुटवडा हटेल, ही समजूत भाबडी होती.

एन्व्हिडिया आणि एएमडी या दोघांच्याच बाजारात तिसरा स्पर्धक हवाच होता. पण ३० मार्च २०२२ रोजी जाहीर झालेल्या 'आर्क' ग्राफिक्स चिप इंटेल स्वतःच्या कारखान्यात घडवत नव्हती. त्या तैवानच्या टीएसएमसीकडे, ६ नॅनोमीटर प्रक्रियेवर तयार होत. एएमडीचे त्याच वर्षी जानेवारीत आलेले आरएक्स ६५०० एक्सटी कार्डही त्याच प्रक्रियेवरचे. विहीर तीच, पोहरा तेवढा तिसरा! नव्या नाममुद्रेने उत्पादनक्षमता वाढत नाही. रांगेत आणखी एक गिऱ्हाईक उभे राहते, आणि तेही दांडग्या खिशाचे.

शिवाय पहिला मान लॅपटॉपना मिळाला. सुटे कार्ड घेऊन संगणक जुळवणाऱ्याला २०२२ च्या उन्हाळ्याचा वायदा होता. तोवर ग्राफिक्स कार्डांवर इथेरियम हे आभासी चलन मिळवणारे मायनिंगवाले थांबणार नव्हते. एन्व्हिडियाने २०२१ मध्ये आरटीएक्स ३०६० या कार्डावर घातलेले मायनिंगचे बंधन तिच्याच एका ड्रायव्हरने सैल केले होते. अशा उपायांची मातब्बरी ती एवढीच.

म्हणून इंटेलने डेस्कटॉप कार्डांची भारतातील किंमत विक्रीपूर्वी जाहीर करायला हवी होती आणि एका ग्राहकाला एकच कार्ड हा नियम विक्रेत्यांकडून काटेकोर पाळून घ्यायला हवा होता. हे न जमल्यास पहिला साठा साठेबाजांच्याच गोदामात जाण्याचा धोका होता.