ड की ढ?

साप्ताहिक सदर : कळफलक

माघ पौर्णिमा झाली की कचारगडच्या कोयापुनेम (गोंडी धर्म) यात्रेचे फोटो माझ्याकडे चहूकडून येऊन पडतात. सालेकसा तालुक्यातल्या इथल्या गुहांत मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही गोंड भाविक येतात. माता कालीकंकालीची गुहेत कोंडलेली मुलं धर्मगुरू पारी कुपार लिंगोनं इथूनच सोडवली, अशी त्यांची श्रद्धा. जितके मुलूख, तितक्या तऱ्हा: कुणाच्या फोल्डरवर कचारगड, कुणाच्या कचारगढ, हिंदीवाल्यांच्या ढखाली नुक्ताही.

हे फोल्डर उघडायला माझ्यासारख्या कमांड प्रॉम्प्टवर बसणाऱ्याची सारी भिस्त टॅबवर. सुरुवातीची अक्षरं टंकायची, टॅब दाबायचा, उरलेलं नाव संगणक पुरं करतो. १९७०च्या सुमाराच्या टेनेक्स प्रणालीत ही सोय होती. तिच्यावरून केन ग्रीअर यांनी ती युनिक्सच्या टीसी-शेलमध्ये आणली.

पण टॅब अक्षराला अक्षर लावून पाहतो. ‘कचार’ टंकून टॅब दाबला की बॅश हा शेल ‘कचारग’पाशी अडतो, पुढं ड की ढ, ते तुम्ही सांगा. विंडोजचा प्रॉम्प्ट एकेक नाव आळीपाळीनं पुढं करतो. काना विसरून ‘कचर’ टंकलं तर दोघंही हात वर करतात.

अशा वेळी २०१३ साली आलेलं एफझेडएफ हे शोधसाधन कामाला येतं. टंकलेली अक्षरं नावात त्याच क्रमानं आहेत ना, एवढंच ते बघतं. मध्ये काही सुटलं तरी चालतं. म्हणून ‘कचरग’ला सगळी नावं समोर येतात. मात्र डच्या जागी ढ त्यालाही चालत नाही. त्यासाठी व्लादिमीर लेवेनश्टाइन यांचं १९६५चं माप आहे: एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, गाळावी, बदलावी लागतात? कचारगड ते कचारगढ अंतर एक. हिंदीवाल्यांच्या ढखालचा नुक्ता वेगळा मोजला तर दोन.

मग सगळीकडेच हा अंदाज का नको? शोधताना जरूर हवा. पण फाइल पुसायच्या आज्ञेत किंवा सरकारी यादीत गावं जुळवताना संगणकानं परस्पर निवड करू नये. कचारगडच्या पायथ्याचं गाव धनेगाव. बीड जिल्ह्यात मांजरा धरण आहे, तेही धनेगावलाच. दोन नावांतलं अंतर शून्य, गावांतलं शेकडो किलोमीटर. अक्षरं तंतोतंत जुळूनही गाव चुकतं, तिथं जवळपास जुळणाऱ्या नावाची काय हमी? संगणकानं नावं पुढं करावीत, बोट माणसानं ठेवावं.

तेव्हा मंडळी, पुढच्या माघीला फोटो पाठवाल तेव्हा फोल्डरच्या नावात आधी तालुका लिहा, मग ठिकाण, मग वर्ष. ‘साले’ टंकून टॅब दाबला की सालेकशात तरी पोचू. ड की ढ, ते तिथं डोळ्यांनी पाहून ठरवू.