गोळ्या कोण सोडतो आणि का?

१७ नोव्हेंबर हा राष्ट्रीय अपस्मार दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शिबिरे भरतात, फलक लागतात आणि व्यासपीठावरून रुग्णांना दोन गोष्टी हमखास ऐकवल्या जातात. फेफरे आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, देवऋषीच्या दारी नेऊ नका, ही पहिली. आणि गोळ्या नियमित घ्या, मध्येच सोडू नका, ही दुसरी. दोन्ही उपदेश खरे आहेत. परंतु दुसऱ्या उपदेशाच्या पोटात एक आरोप दडलेला असतो. उपचार फसतो तो रुग्णाच्या अडाणीपणामुळे, त्याच्या बेफिकिरीमुळे, असा तो आरोप. गोळ्या का सोडल्या, हा प्रश्न विचारण्याचे कष्ट मात्र सहसा कोणी घेत नाही. कारण त्याचे उत्तर ऐकले तर आरोपीच्या पिंजऱ्यात रुग्णाऐवजी दुसऱ्याच कोणाला तरी उभे करावे लागेल.

अपस्मारावर औषध नाही, अशी स्थिती मुळीच नाही. जगातील सुमारे ५ कोटी अपस्मारग्रस्तांपैकी जवळजवळ ८० टक्के लोक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, आणि योग्य निदान व उपचार मिळाल्यास ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतातील रुग्णांची संख्या एक कोटीच्या घरात धरली जाते. औषधेही कालची नाहीत. फिनोबार्बिटोनचा गुण १९१२ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान याने दाखवला. फेनिटॉइनचा १९३८ मध्ये अमेरिकेत मेरिट आणि पुटनम यांनी. गरिबाच्या पदरात आजही बहुधा हीच दोन औषधे पडतात, कारण ती स्वस्त आहेत. स्वस्त आहेत म्हणून ती वाईट, असे मात्र म्हणता येणार नाही. लाखो माणसे या गोळ्यांच्या आधारावर उभी आहेत. प्रश्न आहे तो गोळी हातात टेकवून तोंड फिरवणाऱ्या व्यवस्थेचा.

या गोळ्या घेणाऱ्याच्या देहात काय घडते ते एकदा नीट पाहिले पाहिजे. फिनोबार्बिटोनने गुंगी येते, विचार मंदावतो, लहान मूल उलट चिडखोर आणि अस्वस्थ होते व शाळेत ‘द्वाड’ ठरते. फेनिटॉइनने हिरड्या सुजून दातांवर चढतात, चेहऱ्यावर लव वाढते, चेहरा राठ दिसू लागतो. दोन्ही औषधे वर्षानुवर्षे घेतल्यास हाडे ठिसूळ होऊ शकतात. व्हॅल्प्रोएटने वजन वाढते, केस गळतात, हात थरथरतात. नव्या, महाग गोळ्यांची कहाणी वेगळी नाही. लेव्हेटिरासिटामने काहींचा स्वभाव इतका तापट होतो की घरच्यांना माणूस बदलल्यासारखा वाटतो, तर टोपिरामेटने ओठांवर आलेला शब्द सापडेनासा होतो. शिक्षकाचा किंवा वकिलाचा शब्द हरवला तर त्याची भाकरीच हरवते. वैद्यकाच्या ग्रंथांत या सर्वांना ‘अनुषंगिक परिणाम’ असे सौम्य नाव आहे. लग्नाच्या वयातील मुलीच्या ओठावर मिशी दिसू लागणे हे ग्रंथकर्त्याला अनुषंगिक वाटत असेल. त्या मुलीला आणि तिच्या आईला ते तसे वाटत नाही.

बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडणारी कोणतीही एक अपस्मारग्रस्त स्त्री डोळ्यांपुढे आणावी. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. कामाला आले नाही तर खाडा लागतो आणि तो अंगावरच्या कर्जात मिळवला जातो. पहाटे उजाडण्यापूर्वी फडात उभे राहायचे, रात्री गाडी भरायची. झोप मोडणे हे फेफऱ्याला दिलेले आमंत्रणच असते, हे कोणताही मेंदुविकारतज्ज्ञ सांगेल. तिच्या हातात धारदार कोयता आहे आणि डोळ्यांवर गोळीची गुंगी. गोळी घेतली तर हात जड होतो, मोळ्या कमी पडतात, नवऱ्याची बोलणी बसतात. गोळी सोडली तर फडातच आकडी येण्याचे भय. शिवाय गावच्या ग्रामीण रुग्णालयातून महिनाभर पुरतील एवढ्याच गोळ्या मिळालेल्या असतील, तर पुढचे चार-पाच महिने कोपीवर कोण आणून देणार? अपस्माराची औषधे एकाएकी बंद केल्यास झटक्यामागून झटके येत राहून माणूस दगावू शकतो. ज्या कारखान्याला तिने तोडलेला ऊस जातो त्याच्या ताळेबंदात तिच्या हंगामाची बेरीज कुठेतरी असते. तिच्या गोळ्यांचा हिशेब कोठेच नसतो. अशा स्त्रीने गोळी सोडली तर तो अडाणीपणा म्हणायचा की दोन संकटांतून तिने केलेली निवड?

दुसरे उदाहरण शहरातले घ्यावे. क्षयरोग आणि अपस्मार एकाच घरात, पुष्कळदा एकाच देहात नांदतात. दारिद्र्याला एकाच रोगावर समाधान मानण्याची सवय नाही. क्षयाच्या औषधांतील आयसोनियाझिड हे यकृतात फेनिटॉइनचा निचरा होण्याच्या आड येते. ज्यांच्या शरीरात आयसोनियाझिड मुळातच सावकाश मोडते अशांच्या रक्तात फेनिटॉइन साचत जाते. त्याच उपचारातले रिफाम्पिसिन याच्या नेमके उलट वागते. म्हणजे कोणाचे पारडे कोणीकडे झुकेल हे रक्त तपासल्याशिवाय किंवा निदान रुग्णाकडे डोळे उघडून पाहिल्याशिवाय कळणार नाही. फेनिटॉइन साचले की डोळे लकाकू लागतात, जीभ जड होते, चाल लटपटते. भर सकाळी कारखान्याच्या दारावर असा कामगार आला तर पहारेकरी काय समजेल? दारू पिऊन आला म्हणून त्याला परत पाठवले जाईल, आणि हजेरीपटावर तशी नोंदही होईल. ज्या दोन सरकारी खिडक्यांवरून त्याने दोन्ही औषधे इमानाने घेतली, त्या खिडक्यांनी एकमेकींशी बोलावे अशी सोय आहे काय?

फेनिटॉइनचा आणखी एक स्वभाव आहे आणि तो राजकारणाशी थेट भिडणारा आहे. या औषधाची मात्रा थोडी वाढवली की रक्तातील प्रमाण थोडेच वाढते असे नाही. एका मर्यादेनंतर ते एकदम उसळते. ३०० मिलिग्रॅमवर सुरळीत चाललेला माणूस ४०० वर डोलू लागू शकतो. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे १९६० च्या दशकाच्या अखेरीस अनेक रुग्णांना एकाएकी फेनिटॉइनची विषबाधा झाल्याचे आढळले. मात्रा कोणी वाढवली नव्हती, औषधही तेच होते. उत्पादकाने कॅप्सूलमधील भरणीचा पदार्थ तेवढा बदलला होता. कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज घातले होते. एवढ्याने औषध अधिक शोषले गेले आणि माणसे आडवी झाली. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट शिकवली जाते. परंतु सरकारी निविदा काढणाऱ्याला ती कोणी शिकवत नाही. महाराष्ट्रात औषधखरेदीचे काम २०१७ साली हाफकिनकडे सोपवले गेले, पुढे २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. यंत्रणेवर यंत्रणा बदलली. पण या महिन्यात पांढरी, पुढच्या महिन्यात पिवळसर, त्याच्या पुढच्या महिन्यात ‘बाहेरून आणा’, असा अनुभव आलेल्या रुग्णाला कोणती यंत्रणा आली आणि कोणती गेली याच्याशी काय कर्तव्य?

येथे खाजगी कंपन्यांचे कैवारी लगबगीने पुढे येतात आणि म्हणतात, पाहा, म्हणूनच नामांकित छापाचीच गोळी घ्यावी, स्वस्ताच्या मागे लागू नये. हा युक्तिवाद अर्धाच खरा आणि पुरता स्वार्थी आहे. रुग्णाला सातत्याने एकाच घडणीची गोळी मिळाली पाहिजे हे खरे. पण ते सातत्य महाग छापातच असते हे खोटे. ब्रिस्बेनची कॅप्सूलही उत्पादकानेच बदलली होती. सातत्याची हमी देऊ शकते ते सार्वजनिक उत्पादन आणि कडक तपासणी. जयसुखलाल हाथी यांच्या समितीने १९७५ मध्ये औषधे मूळ नावाने विकावीत आणि बहुराष्ट्रीय औषधकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण करावे, असे सुचवले होते. राष्ट्रीयीकरणाची शिफारस १९७८ च्या औषध धोरणात गाळली गेली, आणि ते धोरण जनता सरकारचे होते, हे समाजवाद्यांनी स्वतःपासून लपवू नये. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना १९५४ चा, इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स १९६१ ची. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पहिला विकायचे आणि दुसरी बंद करायचे ठरवले. जी घरे मोडायची ती मोडून झाल्यावर, निवारा फक्त सावकाराकडेच आहे, असे सांगण्यात कसले शहाणपण?

स्त्रियांच्या बाबतीत तर या बेपर्वाईला सीमा उरत नाही. फिनोबार्बिटोन, फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही तिन्ही औषधे संततिनियमनाच्या गोळीचा प्रभाव कमी करतात. एका हाताने फेनिटॉइन आणि दुसऱ्या हाताने कुटुंबकल्याणाची गोळी देणारे सरकार, त्या बाईला दिवस गेले की तिलाच विसरभोळी ठरवते. व्हॅल्प्रोएटची गोष्ट याहून भीषण आहे. फ्रान्समध्ये हे औषध १९६७ पासून विकले जाई. गरोदरपणी ते घेतलेल्या मातांच्या मुलांत पाठीच्या कण्याचे जन्मजात व्यंग अधिक आढळते, असे लिआँ येथील पाहणीतून १९८२ मध्येच प्रसिद्ध झाले. अशा मुलांपैकी १० टक्क्यांच्या आसपास मुलांत जन्मजात व्यंगे आणि ३० ते ४० टक्के मुलांत बोलणे, चालणे, शिकणे यांच्या वाढीतील दोष आढळतात, असे युरोपच्या औषधनियामकांनी स्पष्टपणे सांगायला २०१४ साल उजाडावे लागले. तेही कोणा कंपनीच्या सदसद्विवेकाने झाले नाही. फ्रान्समध्ये २०११ साली मातांनी स्वतःची संघटना उभारली, तेव्हा कोठे २०१६ च्या अखेरीस नुकसानभरपाईचा कायदा झाला. ब्रिटनमध्ये बॅरोनेस कम्बरलेज यांच्या चौकशीने २०२० मध्ये नोंदवले ते हेच, की स्त्रिया वर्षानुवर्षे सांगत होत्या आणि व्यवस्थेने ऐकले नाही. भारतात असे काम मुळीच झाले नाही असे नाही. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत अपस्मारग्रस्त गरोदर स्त्रियांची नोंदवही १९९८ पासून ठेवली जाऊ लागली. प्रश्न एवढाच की, त्रिवेंद्रममध्ये जमलेले ज्ञान गडचिरोलीच्या प्रसूतिकक्षात कधी पोचायचे.

मुलीला गोळी लपवावी लागते, यात कायद्याचाही हात होता. आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती करून वारंवार येणारे अपस्माराचे झटके हे विवाहाला अपात्र ठरवणारे कारण म्हणून घातले गेले. विसाव्या शतकाचा तीन चतुर्थांश उलटल्यावर, औषधे उपलब्ध असताना, देशाच्या संसदेने वेड आणि अपस्मार एकाच ओळीत बसवले. ती ओळ पुसायला १९९९ साल यावे लागले. तेवीस वर्षांत किती नववधूंनी सासरी गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवल्या असतील आणि सापडण्याच्या भीतीने त्या फेकून दिल्या असतील, याची नोंद कोणत्या न्यायालयात मिळणार? आज कायदा बदलला. डबा अजून तेथेच आहे. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टात गिनिले गेलेले मज्जाविकार पाहिले तर अपस्माराचे नाव तेथेही सापडत नाही. लग्नाला अडवताना ज्याचे नाव आठवले, ते सवलत देताना विसरले गेले.

काही सज्जन डॉक्टर म्हणतात, दुष्परिणामांची इतकी चर्चा केली तर लोक घाबरतील आणि पुन्हा मांत्रिकाकडे जातील. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. दिवसाला शेकड्यांनी रुग्ण तपासणाऱ्या माणसाला एकेकाशी बोलायला सवड नसते हेही मान्य केले पाहिजे. पण भीती निर्माण होते ती न सांगितल्याने. हिरडी सुजेल, रोज नीट दात घासा, फार वाढली तर औषध बदलता येते; पहिले काही आठवडे गुंगी राहील, पुष्कळदा ती ओसरते; कार्बामाझेपिन सुरू केल्यावर अंगावर पुरळ उठले तर वाट न पाहता दवाखाना गाठा; मूल हवे असेल तर आधी येऊन बोला, आपल्या मनाने गोळी थांबवू नका. एवढे सांगायला पाच मिनिटे पुरतात. ज्याला हे सांगितले आहे तो हिरडी सुजल्यावर डॉक्टरकडे परत येतो. ज्याला सांगितलेले नाही तो मांत्रिकाकडे जातो, कारण तेथे निदान त्याचे म्हणणे कोणीतरी ऐकून घेते. आणि ती पाच मिनिटे डॉक्टरकडे नसतील तर परिचारिकेला, औषधनिर्मात्याला, आशा कार्यकर्तीला ती देण्यासाठी वेतन आणि प्रशिक्षण द्यावे. आशांना तुटपुंज्या मोबदल्यावर राबवून घेणाऱ्या सरकारला हे ऐकायला आवडणार नाही.

औषधांचे दुष्परिणाम नोंदवण्याची राष्ट्रीय योजना २०१० मध्ये सुरू झाली. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे तिचे काम आहे. रुग्णाला स्वतः भरता येईल असा तक्रारीचा नमुना मराठीतसुद्धा निघालेला आहे. किती प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भिंतीवर तो दिसतो, याची पाहणी आरोग्यमंत्र्यांनी एखाद्या आठवड्यात करून विधानसभेपुढे ठेवावी. ऊसतोडीला जाणाऱ्या रुग्णाला हंगामभराच्या गोळ्या एकदम मिळाव्यात आणि कारखान्याच्या गावातील केंद्रावर त्याच घडणीच्या गोळ्या त्याच्या कार्डावर द्याव्यात; फेनिटॉइनची रक्तातील पातळी जिल्हा रुग्णालयात विनामूल्य तपासून मिळावी; क्षयाच्या कार्डावर अपस्माराच्या औषधांसाठी एक रकाना असावा; बाळंतपणाच्या वयातील कोणत्याही मुलीला व्हॅल्प्रोएट लिहिण्यापूर्वी तिच्याशी तिच्या भाषेत बोलल्याची नोंद सक्तीची व्हावी. यातील एकाही गोष्टीला नवा शोध लागत नाही. पुढचा १७ नोव्हेंबर येईल तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडत असतील. व्यासपीठ घालायचेच असेल तर ते त्यांचे ट्रक जेथे भरतात त्या चौकात घालावे, आणि त्याच्यावरून त्या दिवशी उपदेशाऐवजी गोळ्या द्याव्यात.