मटकी कमी, फरसाण जास्त

सकाळच्या खाण्यावरून सध्या दोन पक्ष पडले आहेत आणि दोघांचाही आवाज चढा आहे. एक म्हणतो, मराठी नाश्त्यात प्रथिनं नावालाही नाहीत. तेव्हा ओट्स, प्रोटीन बार आणि डब्यातली पावडर यांना शरण जा. दुसरा म्हणतो, आजीच्या हातचं सगळं पौष्टिकच होतं, ग्रॅम कसले मोजता? पहिल्याचं निदान बरंचसं बरोबर आहे, औषध चुकलं आहे. दुसऱ्याला आजारच मान्य नाही.

दुसऱ्यापासून सुरुवात करू, तो घरचाच आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. त्यातली १५ सकाळी पोटात जावीत, ही काही अवाजवी मागणी नव्हे. आता पोह्यांची बशी घ्या. ५०-६० ग्रॅम कोरड्या पोह्यांत चारेक ग्रॅम प्रथिनं. शेंगदाणे सढळ हाताने टाकले तर आणखी तीन. साबुदाण्याचा हिशेब तर गमतीचाच. तो कंदातून काढलेला निव्वळ स्टार्च. १०० ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅमही प्रथिन नाही. खिचडीत जे काही असतं ते दाण्याच्या कुटाचं. नाव साबुदाण्याचं, राबतो कूट.

आणि चहा-खारी, चहा-बटर? हा नाश्ता घरात बहुधा कोण करतं ते पाहा. दात गेलेत, भूक मंदावलीय, "मला वेगळं काही करू नका गं, चहात दोन बटर बुडवते." वय वाढतं तसे स्नायू झिजतात, खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो, जिना नकोसा होतो. ही झीज आवरायला हालचालीबरोबर पुरेशी प्रथिनं लागतात. पण प्रथिनांची जाहिरात होते ती पंचविशीतल्या दंडांची. गरज असते ती सत्तरीतल्या मांड्यांना. जिमला जाणाऱ्या नातवाला दोन उकडलेली अंडी मिळतात आणि आजीच्या बशीत मैदा पडतो, याला परंपरेचा अभिमान म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

आता पहिला पक्ष. त्याचे ओट्स ४० ग्रॅम घेतले तर प्रथिनं मिळतात पाचेक ग्रॅम. दोन पोळ्यांच्या कणकेतही जवळपास तेवढीच. ओट्स वाईट नाहीत, त्यातला विद्राव्य तंतू चांगलाच. पण प्रथिनांसाठी ते घेणं हा निव्वळ गैरसमज. दुधात ढवळायच्या माल्ट पावडरींचं सोंग तर सरकारनेच उतरवलं. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितलं की बोर्नव्हिटासारखी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढा, कारण अन्नसुरक्षा कायद्यात असा प्रकारच नाही. त्या कपातली बहुतेक प्रथिनं मुळात दुधाची असतात: २०० मिलिलिटरमागे सहा ग्रॅमच्या वर. म्हैस आणि गाय राबतात, श्रेय डबा घेतो.

राहिली व्हे पावडर. ती विष नाही, दुधाचंच प्रथिन आहे. आजारपणात डॉक्टर सांगतात तेव्हा घ्यावीही. पण शरीर कमावण्यासाठी असल्या पावडरी टाळा, असं राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलं आहे. ज्या घरात तूरडाळीचे भाव बघून वरण पातळ होतं, त्या घरात हप्त्यावर पावडरीचा डबा यावा, हे मला पटत नाही.

पावडरवाल्यांचा हुकमी पत्ता म्हणजे "डाळीचं प्रथिन अपूर्ण असतं." यात तथ्य आहे, पण अर्धंच. धान्यांत लायसिन कमी पडतं, डाळींत मेथिओनिन. दोन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. ती एकाच घासात यायला हवीत असंही नाही, दिवसभरात आली तरी चालतं. आपल्याकडे बहुतेक वेळा एकाच घासात येतात, ही गोष्ट वेगळी. थालीपिठाच्या भाजणीत ज्वारी-बाजरीबरोबर हरभराडाळ आणि उडीद असतात. आंबोळीत तांदूळ नि उडीद. मऊ भातावर मेतकूट. नागपूरच्या तर्री पोह्यांत पोहे आणि काळे हरभरे. गोव्यात पावाबरोबर अळसांद्यांचं तोंडाक. ही सगळी नाश्त्याचीच मंडळी.

मग बिघडलं कुठे? प्रमाणात. तर्रीत हरभरे मोजून सहा, बाकी लाल तेल. मिसळीत मटकी तळाला आणि वर फरसाणाचा डोंगर. भाजणीत डाळी महाग म्हणून तांदूळ वाढलेला. चार इडल्यांबरोबर सांबार वाटीभर, त्यातही डाळ शोधावी लागते. पदार्थ तेच राहिले, आतली डाळ झिजत गेली. म्हणून बशीतलं माप उलटं करा. मटकीची उसळ भरपूर, पाव किंवा पोळी जोडीला; ४० ग्रॅम कोरड्या मटकीतून आठ-नऊ ग्रॅम आणि दोन पोळ्यांची पाच. ५० ग्रॅम मूगडाळीच्या धिरड्यांत बारा ग्रॅम, सोबत वाटीभर दही असलं की पंधरा. आजीला हीच धिरडी दह्यात मऊ करून द्या, नाहीतर मुगाची आसट खिचडी. पोहे सोडायला कोणी सांगत नाही. मुठीऐवजी दोन मुठी दाणे आणि बाजूला अंडं, एवढं पुरे.

मोडांबद्दलही एक भाबडी समजूत आहे. मोड आल्याने प्रथिनं दुप्पट होत नाहीत. पाणी शिरून दाणा फुगतो, त्यामुळे वजनाच्या मानाने ती उलट कमीच भरतात. क जीवनसत्त्व मात्र वाढतं आणि खनिजं अडवणारा फायटेट घटतो, तेव्हा मोड आणावेतच. कच्चे खाऊ नयेत, वाफवावेत; उबेत नि ओलाव्यात जंतूही तेवढ्याच आनंदाने वाढतात.

अंड्याचं नाव काढलं की काहींच्या कपाळाला आठ्या. जे खात नाहीत त्यांनी खाऊ नये, प्रश्न मिटला. पण खाणाऱ्यांच्या ताटातून ते काढायचं कशासाठी? राज्याच्या शालेय पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्यातून एकदा अंडं आलं, न खाणाऱ्यांसाठी केळं. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठी वेगळा निधी देणं सरकारने थांबवलं. कितीतरी मुलं घरून चहा-चपातीवर, नाहीतर नुसत्या चहावर शाळेत येतात. त्यांच्यासाठी एका अंड्यातली सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिनं ही चैन नव्हती. केळ्यात ती एखादाच ग्रॅम असतात.

"सकाळी एवढं कोण करत बसणार?" हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो बहुतेक वेळा बाईच्या तोंडून येतो, कारण करायचं तिनेच असतं. धिरड्याची डाळ रात्री भिजत घालायला दोन मिनिटं लागतात आणि ती घालायला पुरुषाचे हातही चालतात. उसळ आदल्या रात्रीच कुकरमध्ये शिजवून ठेवता येते. वाताचा त्रास असेल त्यांनी हरभऱ्याऐवजी मुगापासून, अर्ध्या वाटीने सुरुवात करावी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आणि ज्यांचा नाश्ता बाहेरच होतो त्यांनी मिसळ मागवताना "फरसाण वेगळं, मटकी दुप्पट" असं सांगून पाहावं. गल्ल्यावरचा माणूस आधी चमकेल, मग दहा रुपये जास्त लावेल. तरीही पावडरीच्या डब्यापेक्षा ते स्वस्तच पडतं.